प्रिंटर उलट उत्तर देतो तेव्हा

शाळेच्या कार्यालयात हा अनुभव अनेकांना आलेला असेल. पडद्यावरील छपाईच्या यादीतून आपले काम नाहीसे होते. म्हणजे ते झाले असे आपण समजतो. शेजारच्या खोलीतील प्रिंटरपाशी जाऊन पाहावे, तर कागद अडकल्याचा लाल दिवा लुकलुकत असतो. संगणक खोटे बोलला का? नाही. त्याने ‘पाठवले’ एवढेच सांगितले होते. ‘छापले’ हे आपण गृहीत धरले.

शुद्धलेखनाचा तास डोळ्यांपुढे आणू. बाई शब्द सांगतात, मुले लिहितात. कोणी मागे पडले की “बाई, थांबा ना!” अशी हाक येते. ही हाक ऐकू आली नाही, तर बाई सांगत राहतील आणि वहीत मधलेच शब्द गळतील. प्रिंटर हा असाच सावकाश लिहिणारा विद्यार्थी आहे. संगणक त्याच्या कितीतरी पट वेगाने सांगू शकतो.

म्हणून १९७० च्या दशकात रूढ झालेल्या सेंट्रॉनिक्स पद्धतीच्या केबलमध्ये हाकेची सोय होतीच. आठ तारांवरून एका अक्षराचे आठ बिट जात. आणखी एका तारेवर संगणक ‘घे’ अशी टिचकी मारी. प्रिंटर एका तारेवर ‘मी कामात आहे’ आणि दुसरीवर ‘मिळाले’ असे कळवी. ‘कागद संपला’, ‘मी तयार आहे’ आणि ‘बिघाड’ यांसाठी आणखी तीन तारा होत्या. पण या पाचही तारा फक्त हो किंवा नाही एवढेच सांगू शकत. शाई किती उरली, कोणत्या खणातला कागद संपला, हे त्यांतून कसे सांगणार?

यावर काढलेली युक्ती आम्हांला फार आवडते. जुनी केबल तीच ठेवून परतीच्या त्या पाच तारांपैकी चारांवरून अर्धे अक्षर, म्हणजे चार बिट, पाठवायचे. पाचवी तार टिचकीसाठी. दोन खेपांत एक अक्षर पुरे! १९९४ च्या आयईईई १२८४ या मानकात ही पद्धत आणि तिच्याहून वेगवान अशा आणखी काही पद्धती नोंदवल्या गेल्या. प्रिंटर आता वाक्ये बोलू लागला.

पण तोवर अनेक ठिकाणी प्रिंटर टेबलावरून उठून नेटवर्कवर गेला होता. अनेकांची कामे गोळा करून, रांगेत लावून ती प्रिंटरकडे धाडणारा एक मध्यस्थ आला: प्रिंट सर्व्हर. तो कधी पूर्ण संगणक असतो, कधी काडेपेटीहून थोडी मोठी डबी. प्रिंटरची हाक या मध्यस्थाने पुढे पोचवली नाही, तर ती तिथेच विरते.

अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत नेमके हेच घडले. तिथला जुना प्रिंटर वरचेवर अडे. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भर घातली: कागद अडकला की ज्यांची कामे खोळंबली आहेत त्यांना पडद्यावर संदेश जाई आणि कोणीतरी उठून जाई. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीकडून नवा लेझर प्रिंटर मिळाला. तोही अडे, पण त्याच्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता दिलेली नव्हती, त्यामुळे तशी भर घालता येईना. १९८३ साली स्टॉलमन यांनी ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. त्यामागच्या कारणांत ते या प्रिंटरची गोष्ट सांगत आले आहेत.

नेटवर्कवरील छपाईची एक जुनी पद्धत, एलपीडी, १९९० साली लेखी नोंदली गेली. तिच्यात फाइल मिळाली की उत्तरादाखल शून्य परत येते. त्याचा अर्थ ‘पोचली’, एवढाच. रांग विचारता येते, पण खणाची किंवा शाईची स्थिती कळवण्याची ठरलेली भाषा नाही. मग १९९५ मध्ये प्रिंटरच्या स्थितीची चौकशी वेगळ्या वाटेने, एसएनएमपीद्वारे, कशी करावी हे ठरले. १९९९ मध्ये आयपीपी आली. तिच्यात काम आणि विचारपूस दोन्ही एकाच वाटेने जातात. प्रिंटर आपली अवस्था आकड्यात सांगतो: ३ म्हणजे रिकामा, ४ म्हणजे छापतो आहे, ५ म्हणजे थांबलो आहे. शिवाय कारणही सांगतो: कागद नाही, कागद अडकला, टोनर कमी. कामाचीही ‘पूर्ण’ किंवा ‘रद्द’ अशी वेगळी नोंद राहते.

मात्र परतीची वाट चुकीची जोडलेली असेल, तर ती नसलेली बरी. विंडोजमध्ये एसएनएमपीची चौकशी चालू असते आणि प्रिंटर तिला उत्तर देत नाही. अशा वेळी धडधाकट प्रिंटरही ‘ऑफलाइन’ दिसू शकतो. मग लोक केबल तपासत बसतात.

शाळेत एक प्रयोग करता येईल (निकालपत्रके छापण्याच्या दिवसांत मात्र नको). प्रिंटरमधील सगळे कागद काढून घ्या आणि एकच पान छापायला पाठवा. पडद्यावर काय दिसते आणि किती सेकंदांनी, ते मुलांना टिपू द्या. मग कागद भरा. पान आपोआप छापले जाते की पुन्हा पाठवावे लागते, तेही पाहा. जमल्यास हेच एकदा थेट केबलने जोडून व एकदा नेटवर्कवरून करा, आणि दोन्ही नोंदी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.