लांडगा, कुऱ्हाड आणि कबुली

मराठी मुलाच्या कानी नीतीचा पहिला पाठ बहुधा 'लांडगा आला रे आला' या आरोळीनेच पडतो. गंमत म्हणून वारंवार खोटी हाक घालणाऱ्या मेंढपाळ पोराच्या खऱ्या हाकेला शेवटी कोणी धावत नाही, कळप लांडग्याच्या तोंडी जातो, आणि गोष्ट सांगणारी आजी, नातवाच्या डोळ्यांत उमटलेली भीती पाहून, पाठ त्याच्या अंतःकरणात उतरला असे समाधान मानते. इसापाच्या या कथा एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयाने मराठीत आल्या, पुढे सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी त्या शाळकरी मुलांच्या हाती दिल्या, आणि खोट्याचे भयंकर फळ दाखवून मुलास खऱ्याकडे वळवावे, हा आपल्या घराघरांतला शिरस्ताच होऊन बसला. या भीतीतून सत्याविषयी आदर निर्माण होतो की केवळ पकडले जाण्याची दहशत, याची मात्र आपण फारशी चौकशी केली नाही.

ती चौकशी कॅनडातील संशोधक कांग ली, व्हिक्टोरिया तल्वार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली व तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले. तीन ते सात वर्षांच्या २६८ मुलांपुढे एक खेळ मांडण्यात आला: पाठीमागे ठेवलेले खेळणे न पाहता, केवळ आवाजावरून ओळखायचे. मधेच मोठे माणूस 'वळून पाहू नकोस' असे बजावून बाहेर जाई. मुलाला एकट्याने त्या मोहाशी झुंजावे लागे, पुष्कळांना तो आवरत नसे, आणि छुपा कॅमेरा ते सारे टिपून ठेवी. परत आल्यावर ते मोठे माणूस मुलाला एक गोष्ट वाचून दाखवी आणि मग विचारी, 'तू वळून पाहिलेस का?' कोणाला लांडग्याची गोष्ट वाचून दाखवली होती, कोणाला खोटे बोलताच नाक लांबणाऱ्या पिनोकिओची, कोणाला जॉर्ज वॉशिंग्टनच्या बालपणाची, तर कोणाला, तुलनेसाठी, सत्यासत्याशी संबंध नसलेली ससा-कासवाची.

लांडगा आणि लांबणारे नाक, दोन्ही निष्प्रभ ठरले. त्या कथा ऐकलेली मुले ससा-कासवाची गोष्ट ऐकलेल्या मुलांहून अधिक खरे बोलली नाहीत. गुण आला तो एका वॉशिंग्टनच्या कथेला. नवी कुऱ्हाड हाती आलेला मुलगा बापाच्या आवडत्या चेरीच्या झाडावर ती चालवतो, बाप विचारतो तेव्हा गुन्हा कबूल करतो, आणि बाप त्याला पोटाशी धरून म्हणतो की असा खरेपणा मला हजार झाडांहून मोलाचा. याच कथेत फेरफार करून खरेपणाच्या गौरवाऐवजी खोटेपणाचे दुष्परिणाम पुढे आणले, तेव्हा तिचाही गुण नाहीसा झाला.

याचा उलगडा कठीण नाही. आज्ञा मोडून बसलेले मूल आधीच भ्यालेले असते. खोट्याला शिक्षा होते हे त्याला कोणी सांगायला नको. खरे बोलल्यावर आपले काय होईल, याचीच त्याला धास्ती असते. लांडग्याची कथा त्या धास्तीत भर घालते, आणि वॉशिंग्टनची कथा त्याला बाहेर पडण्याचे दार दाखवते. ही चेरीची कथा मेसन वीम्स या चरित्रकाराने १८०६ च्या आवृत्तीत प्रथम घातली, आणि तिला विश्वसनीय आधार नाही असे इतिहासकार मानतात. मुलांना वॉशिंग्टनचे चरित्र शिकवताना तिला आधार नाही हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. पण बापाच्या कुशीत कबुलीला जागा मिळावी ही प्रत्येक लेकराची आस मात्र अस्सल आहे.

आपल्या लाकूडतोड्याच्या गोष्टीकडेही या दृष्टीने पाहावे. नदीत पडलेल्या त्याच्या कुऱ्हाडीऐवजी देवता सोन्याची आणि चांदीची पुढे करते, त्या आपल्या नाहीत असे तो सांगतो आणि देवता प्रसन्न होऊन तिन्ही कुऱ्हाडी त्याला देते. कथा गोड आहे. परंतु सांगणाऱ्याने शेवटच्या सोन्यावरच भर दिला तर ऐकणाऱ्याचे लक्ष इमानावरून इनामाकडे वळते. म्हणून तिथे थोडे थांबून मुलाला विचारावे की देवता प्रकटलीच नसती, तर लाकूडतोड्याने काय केले असते?

नियमपालनाचेही असेच आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा बारकाईने अभ्यास करून १९३२ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात एक मार्मिक निरीक्षण आहे. लहान मुले खेळाचे नियम वडीलधाऱ्यांनी घालून दिलेले, अढळ आणि पवित्र मानतात, तरी खेळताना ते सर्रास मोडतात. आणि जी मोठी मुले नियम सर्वांच्या संमतीने बदलता येतात असे समजतात, तीच ते अधिक निष्ठेने पाळतात. हुकूम म्हणून आलेला नियम परका राहतो. ज्याचे कारण कळले तो आपला होतो. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई'त साने गुरुजींनी हेच मर्म मोठ्या कोमलतेने उलगडले आहे. झाडावरच्या न उमललेल्या कळ्या खुडून आणणाऱ्या श्यामला आई नुसती मनाई करत नाही. कळीला झाडावर उमलू का द्यावे हे ती त्याला समजावते, आणि मग तो नियम त्याच्या मनात रुजतो.

कथेत एवढे सामर्थ्य असले तरी तिचा अंमल शेवटी घरातच सिद्ध व्हायचा असतो. लोणच्याची बरणी फुटते, आणि काचांच्या कडेला उभे राहून मूल खालमानेने म्हणते, 'माझ्या हातून फुटली.' आदल्या रात्री ऐकलेल्या गोष्टीतले आपले वाक्य त्याने उच्चारलेले असते, आणि आता ते बापाच्या वाक्याची वाट पाहत असते. आधी त्याला काचांपासून दूर घ्यावे, खरे सांगितलेस हे फार चांगले केलेस असे म्हणावे, आणि मग फरशी त्याच्यासह पुसावी.