तुर्कस्तानातील स्वमग्न मुले : वर्तन आणि संवेदनांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणातून बालपणीच दिसू लागणारी अवस्था असून, तिची लक्षणे सामाजिक संवादातील अडचणी आणि साचेबंद, पुनरावृत्त वर्तन अशा दोन गटांत मांडली जातात. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती 2013 साली निघाली, तेव्हा आवाज, स्पर्श, प्रकाश, वास, चव यांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिक्षीण प्रतिसाद दुसऱ्या गटातील एक स्वतंत्र निकष ठरला. तुर्कस्तानातील बालमनोविकारतज्ज्ञही या निकषांशी परिचित आहेत. परंतु निदान दवाखान्यात होते आणि मुलाच्या वागण्याचा अर्थ मात्र शेजारी, आजी-आजोबा आणि बसमधले सहप्रवासी लावत असतात.

त्यांचा सर्वात घट्ट समज असा की, कान झाकून किंचाळणारे, जमिनीवर लोळण घेणारे मूल लाडाने बिघडलेले आहे आणि त्याची आई त्याला वळण लावण्यात कमी पडली आहे. आईवर बोट ठेवण्याची ही सवय केवळ तुर्की नाही. ब्रुनो बेटलहाइम यांनी 1967 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून थंड, अलिप्त पालकत्वामुळे स्वमग्नता येते ही कल्पना जगभर पसरवली, वास्तविक बर्नार्ड रिमलंड यांनी 1964 सालीच स्वमग्नतेचे मूळ जैविक असल्याचे साधार मांडले होते. त्याही आधी, 1943 साली, लिओ कॅनर यांनी 11 मुलांचे जे पहिले सविस्तर वर्णन केले, त्यात व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहते पाणी अशा आवाजांची आणि हालत्या वस्तूंची या मुलांना वाटणारी धास्ती नोंदलेली आहे. हट्ट करणारे मूल समोर कोणी पाहते आहे ना याकडे लक्ष ठेवते आणि हवी ती वस्तू मिळताच शांत होते. संवेदनांचा भार असह्य झाल्याने होणारा उद्रेक, ज्याला मेल्टडाउन म्हणतात, तो प्रेक्षक असोत वा नसोत चालू राहतो आणि बक्षीस दाखवून थांबत नाही, कारण त्या क्षणी मुलाच्या हातात त्याचे नियंत्रणच उरलेले नसते.

तुर्की जीवनातील आनंदाचे प्रसंगच या मुलांना जड का जातात, हे यावरून उमगते. बायराम, म्हणजे ईद, आली की घर पाहुण्यांनी भरते, लहानांनी मोठ्यांच्या हाताचे चुंबन घेऊन तो हात कपाळाला लावायचा असतो, मोठी माणसे प्रेमाने गालगुच्चे घेतात, आणि प्रत्येकाच्या तळहातावर कोलोन्या, म्हणजे तीव्र वासाचे लिंबाचे अत्तरपाणी, ओतले जाते. अनपेक्षित स्पर्श, अल्कोहोलमिश्रित वास आणि एकाच वेळी चाललेली अनेक संभाषणे या तिन्ही गोष्टी काही मिनिटांत मुलावर येऊन कोसळतात. रमझानमध्ये सहूरसाठी, म्हणजे पहाटेच्या जेवणासाठी, गल्लीतून ढोल वाजवत जाणारा ढोलकरी किंवा लग्नातील ढोल-सनई यांचेही तसेच. अशा वेळी मागे सरकणाऱ्या मुलाला उद्धट ठरवणे हा त्याच्यावर उघड अन्याय आहे. पाहुण्यांनी दुरूनच अभिवादन स्वीकारले आणि कोलोन्याची बाटली त्याच्यापुरती बाजूला ठेवली, तर रीतही राहते आणि मूलही खोलीत टिकते.

दुसरा गैरसमज याच्या नेमका उलट बाजूचा आहे : स्वमग्न मूल म्हणजे आवाजाला आणि स्पर्शाला घाबरणारे मूल. विनी डन या अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ विदुषीने मांडलेल्या प्रारूपानुसार, संवेदना जाणवण्यासाठी मज्जासंस्थेला लागणारा उंबरठा कोणात कमी तर कोणात जास्त असतो, आणि त्याला तोंड देण्याची पद्धत कोणाची सक्रिय तर कोणाची निष्क्रिय असते. त्यांतून संवेदना टाळणारी, शोधणारी, चटकन अस्वस्थ होणारी आणि त्या नोंदवतच नसल्यासारखी वाटणारी अशी चार घडणी दिसतात. एकाच मुलात त्या एकत्र नांदू शकतात, म्हणजे मिक्सरच्या आवाजाने पळणारे मूल तासन्‌तास गरगर फिरू शकते, कारण तोल सांभाळणारी संवेदना त्याला अधिक प्रमाणात हवी असते. हात फडफडवणे किंवा डोलणे यांचेही कार्य बहुधा स्वतःला सावरण्याचे असते, आणि इजा होत नसेल तर ते बळाने थांबवण्याचे कारण नाही. मात्र डोके आपटणे, हात चावणे अशी स्वतःला इजा करणारी कृती अचानक सुरू झाली, तर ‘त्याला दुखतच नाही’ असे समजून तिला स्वमग्नतेच्या खात्यावर टाकणे धोक्याचे असते. न बोलणाऱ्या मुलात दातदुखी, कानाचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठता हेच तिचे कारण असू शकते, म्हणून आधी वैद्यकीय तपासणी हवी.

‘भूक लागली की खाईल’ हा सल्लाही असाच फसवा आहे, कारण ज्याला दह्याचा गुळगुळीतपणा किंवा भाजीतल्या तुकड्यांचा पोत सहन होत नाही, ते मूल प्रसंगी उपाशी राहते, आणि मोजक्याच पदार्थांवर वाढलेल्या मुलांत पोषणद्रव्यांची गंभीर कमतरता आढळली आहे.

उपचारांविषयीचे समज पालकांच्या खिशाला थेट झळ पोहोचवतात. तुर्कस्तानात मार्गदर्शन व संशोधन केंद्राने मूल्यमापन केल्यानंतर विशेष शिक्षणाची दरमहा सर्वसाधारणपणे 8 वैयक्तिक आणि 4 गटसत्रे सरकारी खर्चाने मिळतात; त्यापलीकडचे पालक स्वतःच्या पैशाने घेतात आणि तेथेच संवेदी एकात्मता उपचाराकडून, म्हणजे झोके, दाब आणि खेळ यांद्वारे संवेदनांची सांगड घालू पाहणाऱ्या पद्धतीकडून, अवाजवी अपेक्षा बाळगल्या जातात. जीन आयर्स यांनी घडवलेल्या या पद्धतीने काही मुलांना ठरावीक उद्दिष्टे गाठायला मदत झाल्याचे लहान अभ्यास आहेत. परंतु ब्रिटनमधील 138 मुलांच्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या सेवेपेक्षा वर्तनात विशेष सुधारणा दिसली नाही. रिस्पेरिडोन आणि अरिपिप्राझोल ही औषधे तीव्र चिडचिड आणि आक्रमकता कमी करतात, संवेदनांची घडण बदलत नाहीत.

अशी मुले घरातच बरी, हा समज सर्वात क्रूर आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये अक्सराय शहरातील शाळेत काही पालकांनी स्वमग्न मुलांची हुर्यो उडवल्याची बातमी आली, तेव्हा तुर्कस्तानभर संताप उसळला. त्याच देशाने एप्रिल 2020 मध्ये, साथीमुळे शनिवार-रविवारी संचारबंदी असताना, स्वमग्न व्यक्तींना आणि त्यांच्या सोबत्यांना बाहेर पडण्याची सूट दिली, कारण बंद घरात आणि मोडलेल्या दिनक्रमात त्यांचे हाल होतात हे प्रशासनालाही मान्य होते.

म्हणून शिक्षकांनी आणि पालकांनी मुलाला कोणतेही विशेषण लावण्याआधी दोन आठवडे एक साधी नोंदवही ठेवावी : उद्रेक कोठे झाला, त्याआधी कोणता आवाज, वास, स्पर्श किंवा बदल होता, आणि नंतर मुलाला काय मिळाले किंवा कशातून सुटका झाली. तज्ज्ञांकडे जाताना ती वही सोबत न्यावी.