मुकादमाचा मागोवा : अर्जातले प्रश्न आणि त्यांचे गुण



उचल घेऊन टोळी आलीच नाही, किंवा संक्रांतीनंतर रातोरात उठून गेली, तर फडात वाळतो तो ऊस आपलाच. म्हणून टोळी ठरवताना "माणूस ओळखीचा आहे, बोलायला बरा आहे" एवढ्यावर भागत नाही.

यावर एक जुनी रीत आहे. १८९४ साली शिकागोत विमा व्यावसायिकांच्या बैठकीत थॉमस पीटर्स यांनी सुचवले, की एजंट नेमताना प्रत्येकाला त्याच्या मागील आयुष्याचे तेच ठरावीक प्रश्न विचारावेत. १९२२ साली गोल्डस्मिथ यांनी विमाविक्रेत्यांच्या उत्तरांना गुण देऊन पाहिले. सूत्र साधे आहे : माणसाने आजवर काय केले, त्यावरून पुढचा अंदाज. बेणे घेताना आपण त्या फडाची माहिती काढतोच की!

प्रश्न पडताळता येणारे हवेत. "तुम्ही कष्टाळू आहात का?" याला नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा विचारावे : गेल्या तीन हंगामांत किती कारखान्यांवर गेलात? पट्टा पडेपर्यंत थांबलात का? उचल फिटली का? गेल्या वर्षीचे किती कोयते यंदा बरोबर आहेत? जात, धर्म, घरची गरिबी मात्र विचारू नये. ती काही त्याची करणी नव्हे.

आता गुण कसे द्यायचे? समजा, जुन्या १५० मुकादमांचे अर्ज आहेत. त्यातले ५० बाजूला ठेवावेत. उरलेल्या १०० पैकी ५० टोळ्या शेवटपर्यंत टिकल्या, ५० मधेच गेल्या. "मागच्या हंगामात शेवटपर्यंत थांबलो" असे टिकलेल्यांपैकी ४० जणांनी लिहिले होते, गेलेल्यांपैकी २० जणांनी. म्हणजे ८० टक्के आणि ४० टक्के, फरक ४०. दर दहा टक्क्यांना एक गुण धरला, तर या उत्तराला ४ गुण. "गाडीबैल स्वतःचे" असे टिकलेल्यांत ३१ आणि गेलेल्यांत ३० निघाले, तर तो प्रश्न कामाचा नाही, काढून टाकावा.

एवढ्यावर हुरळून जाऊ नये. ज्या अर्जांवरून गुण ठरवले, त्यांच्यावर ते जुळणारच. खरी परीक्षा बाजूला ठेवलेल्या ५० अर्जांवर. को ८६०३२ हा वाणसुद्धा पाडेगावला पारखून मगच १९९६ साली आपल्या राज्यासाठी प्रसारित झाला. एका फडावरून कोणी वाण ठरवत नाही.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. टोळी का गेली, हेही लिहून ठेवावे. कोपीवर पाणी नाही, गाड्या दोन-दोन दिवस खाली होत नाहीत, म्हणून उठलेल्या टोळीला "वाईट" धरले, तर चूक व्यवस्थेची आणि शिक्षा मुकादमाला, असे होईल. मग गुणांचा तक्ताही खोटाच बोलेल.

तक्ता अंदाज देतो, निकाल नव्हे. पण सगळ्यांना एकच माप लावले, की वशिल्याला जागा कमी उरते. आपल्या गटाच्या बैठकीत सभासदांनी याचा जरूर विचार करावा.