हवामान बदल आणि जालना जिल्ह्यातील चारा उत्पादन : एक विवेचन

प्रस्तावना :
दि. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जालना हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा होय. येथील बहुतांश शेती पावसावर अवलंबून असून पशुपालन हा तिचा प्रमुख आधार आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्याला पाण्याबरोबरच चाऱ्याच्या टंचाईचीही तीव्र झळ पोहोचली. चारा संपला की अल्पभूधारक शेतकऱ्यास जनावरे मिळेल त्या किमतीस विकावी लागतात. म्हणूनच हवामान बदलाचा चारा उत्पादनावर कोणता परिणाम संभवतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चाऱ्याचे स्रोत :
ज्वारीचा कडबा, गायरान व बांधांवरील मारवेल, कुसळी यांसारखी गवते आणि ओलिताखालील लसूणघास हे येथील चाऱ्याचे मुख्य स्रोत होत. कापूस व सोयाबीन यांचा विस्तार होऊन ज्वारीचे क्षेत्र घटले. कपाशीच्या पऱ्हाट्या कडब्याची जागा घेऊ शकत नाहीत. परिणामी हवामानाचा आघात होण्यापूर्वीच वैरणीचा साठा रोडावलेला असतो.

पावसाचे बदलते वितरण :
१९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पाऊस थोड्या दिवसांत कोसळला, तर वार्षिक सरासरी गाठूनही गवतास त्याचा लाभ होत नाही. उथळ मुरमाड जमिनीवरून पाणी वाहून जाते, मातीचा थर धुपतो आणि पुढील खंडात गवत वाळते. अवेळी पावसाने कापून ठेवलेला कडबा काळा पडून त्यास बुरशी लागते. फेब्रुवारी २०१८ मधील गारपिटीने जिल्ह्यातील उभ्या रब्बी पिकांची मोठी हानी केली.

कर्बवायू, तापमान व चाऱ्याचा कस :
हवेतील कर्बवायू वाढल्याने वनस्पतींची वाढ अधिक होईल, असे म्हटले जाते. औद्योगिक क्रांतीपूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग असलेले त्याचे प्रमाण आज ४२० हून अधिक आहे. परंतु ज्वारी व मारवेल या 'सी-४' गटातील वनस्पती पानांतच कर्बवायूचे प्रमाण वाढवून घेतात. त्यामुळे त्यांना या वाढीचा थेट लाभ अल्प होतो. पर्णरंध्रे अंशतः मिटून पाण्याची काही बचत होते, एवढाच दिलासा. उलट, वाढत्या तापमानात ज्वारी लवकर पक्व होते व कडबा कमी मिळतो. तसेच खोडातील काष्ठद्रव्य वाढून पचनीयता घटते. पाण्याच्या ताणात कोवळ्या ज्वारीतील विषारी द्रव्य वाढून जनावरांना 'किराळ लागण्याचा' धोकाही संभवतो.

उपाययोजना :
कडब्याचे उत्पन्नही विचारात घेऊन ज्वारीच्या वाणांची निवड, गायरानात पाणलोटाची कामे व काही काळ चराईबंदी, मारवेलबरोबर स्टायलोसारख्या द्विदल चाऱ्याची लागवड आणि चांगल्या पावसाच्या वर्षी मुरघास करून ठेवणे, हे मार्ग उपयुक्त ठरतील. जालना तालुक्यातील कडवंची गावाने पाणलोट विकासातून पाणी अडविण्याचे महत्त्व सिद्ध केले आहे. तोच विचार गायरानांसाठीही व्हावा.

समारोप :
सारांश, जालना जिल्ह्यात हवामान बदलाचा परिणाम चाऱ्याच्या उत्पादनाबरोबरच त्याच्या कसावर व साठवणुकीवरही होतो. चारा छावणी हा दुष्काळ पडल्यानंतरचा उपाय आहे. चाऱ्याचे नियोजन मात्र सुकाळातच, पीकपद्धती ठरविताना व्हावयास हवे.