पत्रा फाटतो तो नेमका कधी?

"मॅडम, डीपी ६०० पोलादाला फेल्युअर स्ट्रेन किती टाकू?" आमच्या पुण्यातल्या ऑफिसात नवा मुलगा आला की हा प्रश्न येतोच. मी उलट विचारते, "एलिमेंट केवढा घेतलायस?" त्याला वाटतं, मॅडमनी विषय बदलला.

आमचं काम म्हणजे गाड्या कॉम्प्युटरवर आपटणं. भारत एनसीएपीच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने, तोंडाच्या ४० टक्के रुंदीवर आदळवतात. खरी गाडी तिथे पाठवण्याआधी तिच्या पत्र्याचे स्क्रीनवर पाच-पाच मिलिमीटरचे चौकोन पाडतात. हेच ते एलिमेंट. किती ताणलं की फाटायचं, म्हणजेच फेल्युअर स्ट्रेन, हे प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावं लागतं. मर्यादा ओलांडली की तो चौकोन गणितातून गळतो आणि पत्र्याला भोक पडतं.

मुलं हा आकडा पोलाद कंपनीच्या कागदावरून उचलतात. त्यावर लिहिलेलं असतं, तुटेपर्यंत लांबी २१ टक्के वाढते. खोटं नाही ते. पण कुठली लांबी?

समजा, पत्र्याच्या पट्टीवर ८० मिलिमीटरची खूण केली आणि ती तुटेपर्यंत ओढली. आधी पट्टी सगळीकडे सारखीच ताणते, साधारण १५ टक्के. मग एका जागी ती बारीक होते, आणि पुढचं सगळं ताणणं तिथेच होतं. शेवटी ८० चे ९७ झाले, म्हणजे २१ टक्के. पण तुटल्या जागेभोवतीच्या २० मिलिमीटरचे २८ झालेले असतात: ४० टक्के! अजून जवळून मोजा, आकडा अजून चढतो. पाच मिलिमीटरच्या चौकोनाला ८० मिलिमीटरची सरासरी दिली, तर तो अवेळी गळणारच.

म्हणून आम्ही आधी ती पट्टीच कॉम्प्युटरवर ओढतो, गाडीत वापरणार त्याच मापाचे चौकोन घेऊन. प्रयोगशाळेतली पट्टी जितकी लांबून तुटली तितक्यावरच स्क्रीनवरची तुटेपर्यंत आकडा बदलत राहायचं. चौकोन दोन मिलिमीटरचे केले, की पुन्हा पहिल्यापासून.

एवढ्यानेही भागत नाही. पत्रा नुसता ओढला, कातरला किंवा दोन्ही दिशांनी ताणला, तर तो वेगवेगळ्या मर्यादेला फाटतो. जॉन्सन आणि कुक यांनी १९८५ साली मांडलेल्या सूत्रात ताणाचा प्रकार, वेग आणि तापमान या तिन्हींचा हिशेब आहे. ते सूत्र बसवायला खाच पाडलेले, कातरले जाणारे असे निरनिराळे नमुने तोडावे लागतात, आणि त्याचा खर्च मंजूर करून घेणं गणितापेक्षा अवघड!

एकच आकडा सगळीकडे लावला की फटका बसतो तो बंपरमागच्या क्रॅश बॉक्सला. तो पेटीच्या भात्यासारखा घड्या घालत चेपतो आणि धडकेची ऊर्जा पितो. साध्या मॉडेलला मात्र चेपणं आणि ताणणं यात फरक कळत नाही. दोन्ही एकाच खात्यात जमा होतात. खऱ्या गाडीत शाबूत राहणाऱ्या घड्या स्क्रीनवर पटापट गळतात, आणि कोणीतरी पत्र्याची जाडी वाढवायला सुचवतं.

सगळ्यात जास्त वेळ मी बी-पिलरला, म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाला देते. तिथलं तापवून साच्यात घडवलेलं पोलाद सुमारे १५०० मेगापास्कल सोसतं, पण ताणतं जेमतेम पाच-सहा टक्के. त्यावर स्पॉट वेल्ड मारला की उष्णतेने भोवतीचं कडं मऊ पडतं आणि फाट बहुधा तिथूनच सुरू होते. म्हणून त्या कड्याला मी वेगळा आकडा देते, आणि तो काढण्यासाठी प्रयोगशाळेकडे वेल्ड मारलेल्याच पट्ट्या पाठवते.