शेजारच्या गावचं पुस्तक आपल्या गावात: वाचनालयासाठी एक साधी वेबसाइट

विरजण संपलं तर आपण शेजारी वाटी घेऊन जातो. पेरणीच्या दिवसांत पाभरसुद्धा उसनी आणतो. मग पुस्तकच का आणत नाही? कारण सरळ आहे. शेजारणीकडे विरजण असणार हे आपल्याला माहीत असतं, पण शेजारच्या गावच्या वाचनालयाच्या कपाटात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. आजचं बोलणं याच एका अडचणीबद्दल आहे.

समजा, दिंडोरी तालुक्यातल्या एका गावची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते आहे. तिला अंकगणिताचं आणि सामान्य ज्ञानाचं पुस्तक हवं आहे. तिच्या गावच्या वाचनालयात कादंबऱ्या आहेत, पोथ्या आहेत, पण हे पुस्तक नाही. दहा-बारा किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात तेच पुस्तक कपाटात धूळ खात पडलेलं असू शकतं. मुलगी नवं विकत घेते, नाहीतर तशीच परीक्षेला बसते. एखाद्या ताईला कुळकायद्याचं किंवा वारसा हक्काचं पुस्तक हवं असतं, कुणाला शेळीपालनाचं. छोट्या वाचनालयाला मिळणारं अनुदान थोडं असतं. त्यात सगळ्या विषयांची पुस्तकं घेणं कधीच जमणार नाही. म्हणून वाचनालयांनी एकमेकांची पुस्तकं वापरायची, हा जगभर चालत आलेला मार्ग आहे. त्याला आंतरग्रंथालयीन देवघेव असं भारदस्त नाव आहे. आम्ही त्याला पुस्तकांची उसनवारी म्हणतो.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. मालेगावजवळच्या कवळाणे गावात १८६३ साली जन्मलेला एक मुलगा पुढे बडोद्याचा राजा झाला, ते सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून घेतलं आणि संस्थानात वाचनालयांचं जाळं उभं केलं. त्यातली आम्हाला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे लाकडी पेट्यांत भरून गावोगाव फिरणारी पुस्तकं. एका गावात वाचून झाली की पेटी पुढच्या गावी. शंभरेक वर्षांनी, २००९ मध्ये, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने विनायक रानडे यांच्या कल्पनेतून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. त्यातही पुस्तकांच्या पेट्याच वाचकांच्या गटांकडे जातात, आणि त्या पार परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत पोचल्या.

पेटीची एक मर्यादा मात्र असते. पेटीत जे आलं ते वाचायचं. त्यात मजा असते, पण हवं ते पुस्तक मागता येत नाही. मागायचं तर कुठे काय आहे याची यादी हवी, आणि ती यादी सगळ्यांना दिसायला हवी. वेबसाइट लागते ती एवढ्याचसाठी. चकचकीत चित्रं, पुढाऱ्यांचे फोटो, सरकत्या पट्ट्या यांची काही गरज नाही. उलट त्यांनी पान जड होतं आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात, जिथे रेंज येते-जाते, तिथे ते उघडतच नाही.

सुरुवात मात्र कॉम्प्युटरवर करायची नाही. ती दाखल नोंदवहीपासून करायची. प्रत्येक वाचनालयात ही वही असते, तिच्यात प्रत्येक पुस्तकाला एक दाखल क्रमांक असतो. वही उघडून कपाटाशी ताडून पाहा. वहीत असलेली काही पुस्तकं कपाटात नसतात, हा सगळीकडचा अनुभव. हाताला लागेल तेवढंच यादीत घ्या. दोन-तीन वाचनालयं मिळून सुरू करत असाल तर सगळी पुस्तकं टाकायचा हट्टही नको. कायदा, आरोग्य, शेती, स्पर्धा परीक्षा आणि लोक सारखी मागतात त्या कादंबऱ्या, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं.

यादीत दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, विषय, कुठल्या गावचं, आणि आत्ता कपाटात आहे की बाहेर, एवढं पुरे. पण ती लिहायची कशी, इथे थोडं थांबू या, कारण बऱ्याच याद्या इथेच बिघडतात. जुन्या कॉम्प्युटरवर कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी दुसऱ्याच्या मोबाइलवर भलतीच अक्षरं होऊन दिसतं, आणि शोधलं तर सापडत नाही. युनिकोडमध्येच टाइप करा. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर जे उमटतं ते युनिकोडच असतं. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून पुस्तकाचं नाव वाचा, तो लिहितो. नंतर एकदा डोळ्यांखालून घाला. शुद्धलेखनाचीही एक गंमत आहे. यादीत ‘मृत्युंजय’ आहे आणि शोधणारीने ‘मृत्यूंजय’ असं लिहिलं, तर यंत्र म्हणेल असं पुस्तकच नाही. माणसाला कळतं, यंत्राला कळत नाही. कुसुमाग्रजांचंच बघा. कुणी ‘कुसुमाग्रज’ शोधेल, कुणी ‘शिरवाडकर’. अशा वेळी एकाच रकान्यात दोन्ही नावं लिहावीत. आकडेही एकतर सगळे मराठी किंवा सगळे इंग्रजी, मिसळ नको.

आता वेबसाइट. पैसे न लागणारा मार्ग म्हणजे गुगल साइट्स. त्यासाठी एक ईमेल खातं लागतं. ते खातं वाचनालयाच्या किंवा गटाच्या नावाने नवीन काढा. अध्यक्षांच्या मुलाच्या खात्यावर वेबसाइट काढली, मुलगा पुण्याला नोकरीला गेला, की वेबसाइटही त्याच्याबरोबर गेली असं समजा. खात्याचा पासवर्ड निदान दोघींकडे असावा आणि बंद पाकिटात वाचनालयाच्या कपाटात असावा. पान तयार करण्याचं काम मोबाइलवर नीट होत नाही, कॉम्प्युटर लागतो. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत दोन तास मागून घ्या. एकदा पान झालं की बघायला साधा स्मार्टफोन चालतो.

एकच पान पुरतं. सगळ्यात वर वाचनालयांची नावं, उघडण्याच्या वेळा आणि वाचनालयाचा फोन. त्याखाली तीन-चार वाक्यांत नियम. मग पुस्तकांची यादी, आणि शेवटी मागणीचा फॉर्म. यादी गुगल शीटमध्ये ठेवली तर बदल करणं सोपं जातं, पुस्तक बाहेर गेलं की फक्त एक शब्द बदलायचा. मागणीसाठी गुगल फॉर्म करा. फॉर्म भरायला ईमेलने आत यावं लागेल अशी कुठलीही अट त्यात चालू ठेवू नका, निम्म्या बायका तिथूनच परत जातील. आणि ज्यांना फॉर्म नको त्यांच्यासाठी वाचनालयात चिठ्ठीचा डबा ठेवा. चिठ्ठ्या आठवड्यातून एकदा ग्रंथपालांनी फॉर्मवर चढवायच्या. मोबाइल नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो, हे धरूनच योजना आखायला हवी.

या उसनवारीचा गाभा असा की पुस्तक वाचनालय वाचनालयाला देतं, थेट माणसाला देत नाही. वणीकडच्या वाचनालयाने तुमच्या गावच्या वाचनालयाला पुस्तक दिलं, तुमच्या वाचनालयाने ते तुम्हाला दिलं. हरवलं, फाटलं तर तुमचं वाचनालय भरून देणार, मग तुमच्याकडून घ्यायचं की नाही ते आपसात पाहणार. ही जबाबदारी स्पष्ट असली की देणाऱ्याचा हात आखडत नाही. त्यासाठी दोन्ही वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांचा ठराव करून घ्या. पुस्तकं अनुदानातून घेतलेली असतात, उद्या तपासणीला कुणी आलं तर पुस्तक कुठे आहे याचं उत्तर कागदावर असावं. मुदत गावातल्यापेक्षा जास्त ठेवा, महिनाभर तरी, कारण जाण्यायेण्यातच आठवडा जातो.

याच नियमातून दुसरी एक गोष्ट निघते, आणि आमच्या मते बायकांसाठी तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. वाचनालय वाचनालयाला पुस्तक देत असेल, तर वाचणारीचं नाव पलीकडच्या गावाला कळायची गरजच नाही. फॉर्ममध्ये फक्त वाचनालयाचं नाव, पुस्तकाचा क्रमांक आणि तारीख विचारा. वाचणारीचं नाव आपल्या गावच्या वहीत राहू द्या. घटस्फोटाच्या कायद्याचं, घरातल्या मारहाणीबद्दलचं, गर्भाशयाच्या आजाराचं पुस्तक कुणी मागितलं हे चार गावांत झालं, तर ती बाई पुन्हा वाचनालयाची पायरी चढणार नाही. म्हणून यादीची फाइल आणि मागण्यांची फाइल कायम वेगळी ठेवा. एकाच फाइलमध्ये दोन पानं केली आणि ती फाइल सगळ्यांना बघायला खुली केली, तर दोन्ही पानं खुली होतात. हे पटकन लक्षात येत नाही. वेबसाइट सुरू केल्यावर ज्या मोबाइलवर वाचनालयाचं खातं नाही अशा मोबाइलवर ती उघडा आणि काय काय दिसतं ते स्वतः पाहा. बायकांचे फोन नंबर पानावर टाकायचे नाहीत, गटातल्या कुणी आग्रह केला तरी नाही.

पुस्तक पोचवायचं कसं? आमच्या मते आठवडे बाजारासारखी जागा नाही. आसपासच्या गावच्या बायका त्या दिवशी तिथे येतातच. एका ठरलेल्या दुकानात पिशवी ठेवायची, ज्या गावची ती त्यांनी उचलायची. रोज येजा करणारे शिक्षक, दुधाची गाडी हेही चालतं. लांबच्या वाचनालयाकडून मागवायचं तर टपाल आहे. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोपर्यंत १०० रुपये असे ठेवले होते, कर वेगळा. त्यात कुठली पुस्तकं बसतात याचे नियम आहेत, ते पोस्टात आधी विचारून घ्या.

काही जणी म्हणतील, एवढं कशाला, पुस्तकाचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू. पूर्ण पुस्तकं अशी टाकू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. ताराबाई शिंदे यांचं १८८२ सालचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ खुशाल वाटता येतं, आजच्या लेखिकेचं पुस्तक नाही.

अशा वेबसाइट बंद पडतात त्या पैशांअभावी नव्हे. यादी जुनी होते. पानावर ‘कपाटात आहे’ असं दिसतं, बाई बाजारातून वाट वाकडी करून जाते, आणि पुस्तक दोन महिन्यांपूर्वीच बाहेर गेलेलं असतं. दोनदा असं झालं की ती पान उघडत नाही. तेव्हा आठवड्याचा एक वार ठरवा. बचत गटाची बैठक असते त्याच दिवशी, हिशेबाची वही मिटण्याआधी, पाच मिनिटांत यादी ताजी करायची. हे काम एकीच्याच गळ्यात न घालता दोघींनी आलटून पालटून करावं, आणि ‘यादी कधी तपासली’ ती तारीख पानावर सगळ्यात वर लिहावी. पानाचा क्यूआर कोड छापून रेशन दुकानात, अंगणवाडीत आणि एसटीच्या थांब्यावर लावा. त्याच्याखाली वाचनालयाचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहायला विसरू नका, कारण साध्या फोनवरून विचारणाऱ्याच जास्त असतील.