सूट मागा, पण हक्काने: रस्ता आणि पार्किंगच्या नियमांविषयी आपण काय समजून घ्यावे

सानपाड्यात रविवारच्या वंदनेला नियमित येणाऱ्या एक ज्येष्ठ उपासिका गेल्या वर्षी यायच्या थांबल्या. त्या वॉकर घेऊन चालतात. मुलगा रिक्षाने आणून सोडायचा, पण विहाराच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या, फूटपाथवर दुचाक्या आणि तोंडाशी 'नो पार्किंग'चा फलक. रिक्षा थांबेल तिथून दारापर्यंत त्यांना भर रस्त्यातून यावे लागे.

आम्ही काही कार्यकर्त्यांनी अर्ज लिहिला, "समाजाच्या कार्यक्रमांसाठी नो पार्किंगमधून सूट मिळावी." काही आठवड्यांनी एका ओळीचे उत्तर आले की हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही. राग आला. मग शांतपणे वाचले तेव्हा लक्षात आले की उत्तर बरोबर होते. अर्ज चुकीच्या दारात गेला होता. त्याहून मोठी चूक अशी की ज्यांच्यासाठी तो लिहिला, त्या उपासिकेचा त्यात उल्लेखच नव्हता. त्यानंतर आम्ही जे शिकलो ते इतर वस्त्यांतील तरुणांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

नियम कोणाचा, हे आधी ओळखा

रस्ता एकच दिसतो, पण त्यावर तीन वेगवेगळे अधिकार चालतात.

पहिला, इमारतीच्या आवारातला. महाराष्ट्रात मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे आणि नवी मुंबई महापालिका तिच्या कक्षेत येते. मोटारीसाठी २.५ मीटर बाय ५ मीटर, दुचाकीसाठी १ मीटर बाय २ मीटर जागा, अशी मापे त्यात आहेत. हा विषय महापालिकेच्या नगररचना विभागाचा. नवी मुंबईत बहुतेक भूखंड सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेले असल्यामुळे भाडेपट्ट्याच्या अटीही तपासाव्या लागतात.

दुसरा, रस्ता आणि फूटपाथचा. फूटपाथची रुंदी, कडेची उंची, उतार ही कामे महापालिकेच्या अभियांत्रिकी विभागाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागात चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. उताराचे प्रमाण १ : १२, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा उतार.

तिसरा, वाहन कुठे थांबेल याचा. नो पार्किंग, एकदिशा मार्ग, सम-विषम तारखेचे पार्किंग हे मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ ते ११७ खाली अधिसूचनेने ठरते. नवी मुंबईत त्यासाठी वाहतूक पोलिसांकडे जावे लागते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठी दादर परिसरात रस्ते बंद करणे, काही ठिकाणी पार्किंगला मनाई करणे, वाहनतळ दूर ठरवणे हे सगळे आपण दरवर्षी पाहतो. लाखो माणसे पायी येतात म्हणून काही दिवसांसाठी रस्त्याचा नेहमीचा नियम बदलतो.

सूट कोणत्या आधारावर मिळते?

विकास नियमावलीतच विवेकाधिकाराची तरतूद आहे. एखाद्या प्रकरणात नियमामुळे स्पष्टपणे दाखवता येईल अशी अडचण होत असेल, तर मापांत बदल मंजूर होऊ शकतो. पण त्या बदलाने आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात येता कामा नये. रस्त्याच्या हद्दीपासून सोडायचे अंतर आणि चटई क्षेत्र यांत, नियमावलीत वेगळी तरतूद नसेल तर, सूट नाही.

यातले 'दाखवता येईल अशी अडचण' हे शब्द महत्त्वाचे. "आमच्या भावना दुखावतात" ही अडचण दाखवता येत नाही. "दारापासून रिक्षा थांबण्याच्या जागेपर्यंत इतके मीटर अंतर आहे, मध्ये फूटपाथ नाही, वॉकर घेऊन चालणारी इतकी माणसे येतात" ही दाखवता येते.

काही वेळा तर सूट मागावीच लागत नाही, कारण ती नियमाच्या पोटातच असते. अपंग व्यक्तींसाठी प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत, ३.६ मीटर रुंदीची पार्किंगची जागा हवी, असे याच नियमावलीत आहे. साध्या गाडीला २.५ मीटर, पण व्हीलचेअर बाजूला उतरवायची तर जास्तीची जागा लागते. नियम बनवणाऱ्याने त्या माणसाचा विचार आधीच केला आहे. अंमलबजावणी मागणे आपले काम. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, बंधनकारक नियम करा, असे केंद्राला सांगितले. मे २०२५ मध्ये याच न्यायालयाने वापरण्याजोगा फूटपाथ हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अर्जात हे दोन्ही संदर्भ द्या.

काय मागू नये

हे लिहिणे अवघड आहे, पण लिहिलेच पाहिजे. सार्वजनिक रस्ता, उद्यान किंवा सार्वजनिक जागेवर प्रार्थनास्थळाचे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने रस्ते आणि फूटपाथवर पुतळे किंवा बांधकामे उभारण्यास परवानगी देण्यावरही बंदी आली. म्हणून फूटपाथवर चौथरा, विहाराची पायरी रस्त्यावर, कायमचा मंडप यांसाठी 'सूट' मागणे व्यर्थ आहे. इतरांनी केले म्हणून आपण करू, हा युक्तिवाद न्यायालयात टिकत नाही आणि धम्मातही बसत नाही.

सूट नेहमी दुर्बलांनाच मिळते असेही नाही. पार्किंगची आवश्यकता कमी करणाऱ्या नियमबदलाला नवी मुंबईतूनच जनहित याचिकेद्वारे आव्हान दिले गेले. ऑगस्ट २०२१ मधील सुनावणीत उच्च न्यायालयाने एकेका फ्लॅटमागे चार-पाच गाड्या असण्यावर नाराजी व्यक्त केली. तेव्हा कोणतीही सवलत जाहीर झाली की आपण विचारावे, यातून जागा कोणाला मिळाली आणि कोणाची गेली?

अर्ज असा लिहा

१. मोजा. टेप घेऊन रस्ता, फूटपाथ, दारापर्यंतचे अंतर मोजा. तारीख-वेळेसह फोटो काढा. वेगवेगळ्या दिवशी मोजणी करा.

२. माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली त्या गल्लीची पार्किंग अधिसूचना आणि रस्त्याची मंजूर रुंदी मागवा. उत्तराची मुदत ३० दिवस.

३. मागणी छोटी ठेवा. "गल्ली मोकळी करा" यापेक्षा "दाराजवळ एका वाहनाला चढ-उतारापुरते थांबता येईल अशी जागा आणि एक उतार" ही मागणी मान्य होणे सोपे.

४. बदल तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर करावा, असे स्वतःच सुचवा. अधिकाऱ्यालाही निर्णय घेणे सोपे जाते.

५. शेजारच्या सोसायट्या, दुकानदार, दवाखाना यांच्या सह्या घ्या. ती जागा त्यांच्याही आजी-आजोबांना लागणार आहे.

६. अग्निशमन गाडीचा मार्ग अडत नाही, हे नकाशावर दाखवा.

७. विभाग कार्यालय, अभियांत्रिकी विभाग आणि वाहतूक शाखा यांना एकाच दिवशी प्रती द्या आणि पोच घ्या.

आम्ही दुसरा अर्ज करण्याआधी मोजणी केली, तेव्हा एक गोष्ट समोर आली. रविवारी फूटपाथ अडवणाऱ्या दुचाक्यांपैकी बऱ्याचशा आमच्याच होत्या. पुढच्या रविवारपासून आम्ही त्या स्टेशनकडे लावून चालत येऊ लागलो. त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही. अर्ज अजून प्रलंबित आहे, पण त्या उपासिका महिन्यातून दोनदा येतात, फूटपाथवरून.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाटांबरोबर 'रस्ते' हा शब्द आहे. ज्यांना रस्त्यावरून चालू दिले जात नव्हते, त्यांच्या इतिहासातून तो तिथे आला. म्हणून रस्त्याच्या मापांचा प्रश्न आपल्याला परका नाही. रस्त्यावर हक्क सांगताना तो सर्वांसाठी मोकळा ठेवण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

जय भीम!